ह्यांचं हळू होणं

४ ऑक्टोबर, शनिवार

पोचलो एकदाचे. लेकीनं ह्यांच्या निवृत्तीची भेट म्हणून दिलेली सुट्टी आज सुरू झाली. द्राक्षांच्या मळ्यातलं पाहुणेघर आहे. आमची खोली वरच्या मजल्यावर. खिडकीतून वेलींच्या रांगाच रांगा दिसतात. तोडणी होऊन गेली आहे, त्यामुळे पानं पिवळी-तांबडी पडलीत. पलंग उंच, उशा मऊ, नळ सोडला की लगेच गरम पाणी. बायकोमाणसाला आणखी काय लागतं?

तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसून दुसऱ्यांचं ऐकलं. "थांबा, जोडून देते" हे वाक्य झोपेतसुद्धा म्हणत असेन. म्हणून ठरवलं, इथे असेपर्यंत रोज थोडं आपलं स्वतःचं लिहायचं. दुपारी हे आडवे झाले की वेळ मोकळाच आहे.

हे त्याच हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवायचे. मी खाली निरोप द्यायचा आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीचा भोंगा फाटकाबाहेर गेलेला असायचा. सगळे ह्यांना 'वादळ' म्हणत. ते वादळ घरातही तेच. जेवण उभ्याउभ्या, अंघोळ म्हणजे अंगाला पाणी दाखवणं, बोलणं असं की शेजारच्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यात आम्ही दोघं कधी बरोबर चाललोच नाही. हे पुढे, मी मागे पिशवी सावरत. ह्यांची पाठ मला चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची आहे, असं मी गमतीनं म्हणायची. गंमत अर्धीच असायची.

लेकीनं दोन जागा सुचवल्या होत्या, समुद्रकाठ नाहीतर हा वाईन बनवणारा मळा. मला वाटलं, समुद्रच ठरणार. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांनी काय करून ठेवलेलं असतं ते ह्यांनी आयुष्यभर रस्त्यावरून उचललंय. स्वतः थेंबाला शिवले नाहीत. पण लगेच म्हणाले, "मळा." लेकीनं त्यांच्याकडे बघितलं आणि गप्प बसली. मला कोडंच पडलं. म्हटलं, असू दे, म्हातारपणी हौस सुचली तर आपण कशाला मोडता घालायचा?

खाली नाव नोंदवताना ह्यांनी सही केली ती मुंगीएवढी. पूर्वी ह्यांची सही दोघांची जागा खायची. निवृत्त झाल्यावर माणूस नम्र होतो म्हणतात, ते खरं असावं.

५ ऑक्टोबर, रविवार

आज पहिल्यांदा वाईन चाखली. अख्खी सकाळ गेली आणि पोटात गेली असेल चार चमचे!

चाखायची खोली म्हणजे जुनं कोठार आहे. जाड दगडी भिंती, आत गारवा, एका बाजूला लाकडी पिंपं आडवी रचलेली. मध्ये लांब टेबल, त्यावर पांढरी चादर. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या असाव्यात, केस पांढरे आणि बारीक कापलेले. मी मनात त्यांचं नाव चाखणीबाई ठेवलंय. आमच्याबरोबर एक नवं लग्न झालेलं जोडपं आहे, त्यांना एकमेकांशिवाय कशाचीच चव नको. आणि एक निवृत्त न्यायाधीश आहेत, एकटेच आलेत. हे गृहस्थ नाकानं कांदे सोलतात. पहिला पेला हुंगताच त्यांनी निकाल दिला की ही दक्षिणेकडच्या उतारावरची द्राक्षं आहेत. बाई म्हणाल्या, "उत्तरेकडची." न्यायाधीशांनी अपील केलं नाही.

बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं की ज्यांना घाई असेल त्यांनी आत्ताच घटाघट पिऊन जेवायला जावं, बाकीच्यांनी थांबावं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जागेवर होते.

आधी पेला पांढऱ्या चादरीवर तिरका धरून नुसता रंग बघायचा. मग हुंगायचं. मग पेला गोल फिरवून पुन्हा हुंगायचं, आता वास निराळा येतो. खरंच येतो! मग एक घोट, तोंडभर फिरवायचा, वाटलं तर पिकदाणीसारख्या भांड्यात थुंकायचा. आणि मग, बाई म्हणाल्या, काहीही करायचं नाही. गप्प बसून तोंडात काय उरलंय ते बघायचं. "लोक इथेच चुकतात. पुढचा घोट घेतात."

मला वाटलं होतं, गाढवाला गुळाची चव काय, तसं आमचं होणार. पण मला पहिल्या पेल्यात चक्क पिकलेल्या नाशपातीचा वास आला. बाईंनी मान डोलावली तेव्हा शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं.

आणि हे! ह्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत थांबले, माझंही ऐकून घेतलं, आणि मग सावकाश म्हणाले, "हो, नाशपाती." टेबलावरून सगळ्यात शेवटी उठले ते हेच. बत्तीस वर्षांच्या संसारात हे कुठूनही सगळ्यात शेवटी उठल्याचं मला आठवत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज आम्ही बरोबर चाललो.

लिहून ठेवते, कारण कुणाला सांगितलं तर हसतील. नाश्त्यानंतर वेलींमधल्या वाटेनं फिरायला निघालो. नेहमीसारखी मी पिशवी सावरून मागे राहायच्या तयारीत. थोडं गेल्यावर लक्षात आलं की हे शेजारीच आहेत. मला वाटलं, काही दाखवायला थांबले असतील. पण नाही. माझ्या पावलाला पाऊल लावून चालत होते. उजवा हात खिशात, एखाद्या साहेबासारखा. मी मुद्दाम हळू झाले तर हेही हळू झाले.

म्हटलं, आज पाय दुखतायत का? म्हणाले, "नाही गं. मजेत चाललोय." आवाजही इतका मऊ की मला "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं.

ही जागाच तशी आहे. माणसाच्या पायातली भिंगरी काढून ठेवते. लेकीला दुवा दिला मनातल्या मनात.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल काही विशेष नाही. ढग होते, वाचत पडलो.

आज सकाळी लेकीचा फोन. ती फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे जखडलेले खांदे सोडवते. घरात तिला आम्ही ठकी म्हणतो. बाबा कसे आहेत, असं तिनं दोनदोनदा विचारलं. शर्टाची बटणं स्वतः लावतात का? जिने उतरताना कठडा धरतात का? मी म्हटलं, अगं, आम्ही सुट्टीवर आलोय की दवाखान्यात? तिला आपल्या भेटीचं कौतुक ऐकायचं असणार, म्हणून मी भरभरून सांगितलं. बाबा कसे शांत झालेत, बटणं कशी निवांत लावतात, जेवण कसं चावून चावून जेवतात, चेहऱ्यावर कशी आठी म्हणून नसते. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, लाइन गेली. मग म्हणाली, "आई, तू पण आराम कर हं." गुणी पोर आहे.

झोपेत मात्र ह्यांची ॲम्ब्युलन्स अजून चालूच आहे. हातपाय झाडतात, ओरडतात, "बाजूला व्हा!" काल मला चांगली लाथ बसली. सकाळी सांगितलं तर खजील झाले. म्हटलं, जाऊ द्या, इतक्या वर्षांची नोकरी एका दमात थोडीच उतरणार.

आजच्या चाखण्यात एक गोष्ट झाली. तिसरी वाईन पिवळसर, गोडाकडे झुकणारी होती. बाई म्हणाल्या, ह्यात मध शोधा. न्यायाधीशांना मध, मेण आणि चर्चमधली मेणबत्ती असं सगळंच सापडलं. हे डोळे मिटून पेल्यात नाक घालून बसले होते. एकदम म्हणाले, "आला."

सगळे बघायला लागले. ह्यांचे डोळे भरले होते. कशाचा आला, असं मी विचारलं. ह्यांनी पुन्हा पेला हुंगला, पुन्हा हुंगला, मग खाली ठेवला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाईनच्या एका पेल्यानं डोळ्यांत पाणी येणारा हा माणूस माझ्याच घरात राहत होता आणि मला पत्ता नव्हता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

न्यायाधीशांनी आज टूम काढली. बाईंकडे वास ओळखायला शिकवायच्या बाटल्या आहेत, करंगळीएवढ्या. डोळ्यांवर रुमाल बांधून प्रत्येकानं एकेक ओळखायची. बाईंना ते फारसं पसंत दिसलं नाही, पण नवं जोडपं टाळ्या पिटायला लागलं, मग त्यांचा नाइलाज झाला.

मला लवंग आली, लगेच ओळखली. न्यायाधीश व्हॅनिलाला बदाम म्हणाले. ह्यांच्या नाकाशी बाटली धरली ती कॉफीची होती. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मला कॉफीचा वास येत होता. हे बराच वेळ हुंगत राहिले. मग म्हणाले, "लिंबू."

अशी हास्याची लाट उठली! मीसुद्धा पोट धरून हसले. हेही रुमाल काढून हसले, निदान ओठ तरी हलले. म्हणाले, "न्यायाधीशसाहेबांना एकट्यालाच चुकू द्यायचं बरं दिसेना." मग तर आणखीच हशा. चाखणीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी बाटल्या गोळा केल्या आणि वेळ व्हायच्या आधीच आजचं चाखणं संपवलं. बाईंना विनोदाचं अंग कमी दिसतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

हात थरथरतोय, तरी लिहिते. थरथरतोय हा शब्द लिहिला आणि थांबले. आता लिहिते.

दुपारी मी खाली बागेत बसायला गेले होते. ओला टॉवेल खोलीतल्या हीटरवर वाळत घालून गेले, माझंच काम ते. परत येताना जिन्यातच जळका वास आला. धावत वर गेले. दार उघडलं तर टॉवेलची एक कड काळी पडून धुमसत होती, धूर पडद्याकडे चालला होता. आणि हे हीटरकडे पाठ करून, हाताच्या अंतरावर, खुर्चीत पेपर वाचत बसलेले. जळत्या घरात शिरून माणसं बाहेर काढलेला माणूस.

मी टॉवेल ओढून न्हाणीत फेकला, नळ सोडला, आणि मग तोंड सोडलं. नाक काय घरी ठेवून आलात का, अख्खं घर पेटलं असतं. हे उठले, त्या काळ्या टॉवेलकडे बघत उभे राहिले, आणि पलंगाच्या कडेवर बसले.

"मला वास येत नाही," हे म्हणाले.

मला वाटलं, सर्दी. म्हटलं, मग सांगायचं तरी.

"वर्ष होऊन गेलं. कशाचाच येत नाही."

मला एकदम घरचं दूध आठवलं, दोनदा करपून पातेल्याला चिकटलेलं, आणि हे शेजारीच उभे. मी म्हणाले होते, लक्ष कुठे असतं तुमचं. मी विचारलं, मग इतके दिवस पेल्यात नाक खुपसून काय करत होतात?

"तू काय म्हणतेस ते ऐकत होतो."

मी ह्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, घरी गेलो की नाकाच्या डॉक्टरांना दाखवू, हल्ली सगळ्यावर औषधं निघालीत. हे म्हणाले, दाखवलंय. नाकाचं नाहीये ते. आणि खिशातला उजवा हात बाहेर काढून त्यांनी गुडघ्यावर उघडा ठेवला. मी ह्या सगळ्या दिवसांत तो हात असा मोकळा पाहिलाच नव्हता. अंगठा बोटावर आपला आपणच फिरत होता. पिठाची गोळी वळावी तसा. मी त्यावर माझा हात ठेवला. थांबला. काढला, की पुन्हा सुरू.

"कंपवात म्हणतात," हे म्हणाले. "सुरुवात आहे. वास जातो म्हणे सगळ्यात आधी. हात, चाल, ते नंतर."

ठकीला माहीत आहे. तिनंच आधी ओळखलं, बाबांचा एक हात चालताना हलत नाही म्हणून. तीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. आईला लगेच सांगू या, असं तिचं म्हणणं होतं. ह्यांनी सांगितलं, सुट्टी होऊ दे.

मग मळाच का मागितलात, मी विचारलं. समुद्रावर निदान मला तरी कळलं नसतं.

ह्यांनी हात पुन्हा खिशात घातला. मग म्हणाले, वास गेलाय हे ह्यांना पटतच नव्हतं. वाटायचं, घरातले वास सवयीचे, म्हणून जाणवत नसतील. जिथे वासाचाच धंदा आहे, जिथे माणसं सावकाश, शिकवून शिकवून हुंगायला लावतात, तिथे जाऊन बघावं. एखादा तरी येईल.

११ ऑक्टोबर, शनिवार

ह्यांच्याशी बोलले नाही. जेवायला खाली गेले नाही.

ठकीला फोन केला. ती रडायला लागली, बाबांनी शपथ घातली होती म्हणाली. मी म्हटलं, बरं. आणि तिचं बोलणं चालू असताना फोन ठेवला. तीस वर्षांत मी कुणाचाही फोन असा मध्येच तोडला नव्हता.

दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं. नुसतं वेड्यात काढलं असतं तरी चाललं असतं. मला सुखात ठेवलं त्यांनी. त्याचा राग येतोय. लेकीला मी चेहऱ्यावर आठी नसते म्हणून सांगत होते आणि ती पलीकडे ते ऐकत होती.

आणि मी आवाज ओळखणारी! फोनवर नुसत्या श्वासावरून सांगायची की माणूस कुठल्या वॉर्डातून बोलतोय. घरातला आवाज बसत चाललाय हे मला कळलं नाही. मला तो मऊ वाटला.

दुपारी हे खिडकीशी शर्टाचं बटण लावत उभे होते. किती वेळ लागत होता. मी पलंगावरून बघत होते. उठून लावून दिलं नाही. राग होता म्हणून, की लावून दिलं तर ते सगळं खरं होईल म्हणून, मला ठरवता येत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

उद्या निघायचं. सकाळी मी एकटीच कोठारात गेले, सगळ्यांच्या आधी. चाखणीबाई पेले पुसत होत्या. मी सरळच विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना?

त्यांनी पेला खाली ठेवला. म्हणाल्या, पहिल्याच दिवशी समजलं. वास आल्यावर माणूस नकळत श्वास रोखतो, तुमच्या मिस्टरांनी रोखला नाही. दुसऱ्या दिवशी हे स्वतःच लवकर येऊन त्यांना भेटले. आज कशाकशाचा वास येणार ते आधी सांगून ठेवा म्हणाले. बायको पहिल्यांदा अशी खुलून बोलतेय, तिच्या पुढ्यात मला नुसतं बसून राहायचं नाही. त्यानंतर रोज यायचे. बाटल्यांचा खेळ मात्र न्यायाधीशांनी आयत्या वेळी काढला, तेव्हा बाईंना काही करता आलं नाही.

खोटं कशाला लिहू, मला त्या बाईचा हेवा वाटला. माझ्या नवऱ्याचं दुखणं मला कळायच्या आधी एका परक्या बाईला माहीत होतं, आणि तिनं ते नीट सांभाळलंही होतं. मी रडले. त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि पुढचे पेले पुसायला घेतले. बरं केलं. कुणी पाठीवरून हात फिरवला असता तर आवरलं नसतं.

नंतर त्यांनी स्वतःचं सांगितलं. एकदा तापानंतर त्यांचंही नाक गेलं होतं, अख्खा हंगाम. त्यांचं परत आलं. "तुमच्या मिस्टरांचं येईल असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण जीभ आहे. आंबट, गोड, तुरट, कडू जिभेला कळतं. बाकीचं दुसऱ्यानं सांगावं लागतं."

मी वर जाऊन ह्यांना म्हटलं, चला, शेवटचं चाखणं आहे. दोन दिवसांतलं माझं पहिलं वाक्य. हे लगेच उठले. म्हणजे, लगेच उठायला निघाले.

आम्ही टेबलाच्या टोकाला बसलो. शेवटची वाईन गडद होती, जवळजवळ काळी. न्यायाधीश सुरू झाले. मी ह्यांच्या कानाशी वाकले. बाईंच्या यादीतलं काही सांगायचं नाही असं मी जिना उतरतानाच ठरवलं होतं. पेला फिरवला, हुंगला, आणि मला जे जे आलं ते सांगत गेले. इस्त्रीवरून नुकताच काढलेला तुमचा गणवेश, अजून गरम. गाडीला नवे टायर घातले होते त्या दिवशीचा तुमचा हात. हिवाळ्यात ट्रंक उघडली की लोकरीचे कपडे. आणि खाली कुठेतरी विझवलेली काडी.

हे डोळे मिटून ऐकत होते. मग घोट घेतला. तोंडात फिरवला, गिळला, आणि बाईंनी शिकवलं होतं तसे काही न करता बसले.

"हिरड्यांना धरतंय," हे म्हणाले. "तुरट आहे. मागे राहिलंय अजून."

मी म्हटलं, हो, अगदी तसंच आहे.

"म्हणजे मला बरोबर कळलं."

म्हटलं, कळलं.

परत येताना वाटेत मी विचारलं, त्या दिवशी मधाच्या वाईनला 'आला' म्हणालात, तेही खोटं होतं का? हे थांबले. थांबल्यावर पुन्हा निघायला त्यांना जरा वेळ लागतो. माझ्या लक्षात आज आलं.

म्हणाले, "तो आला होता. ठकी तान्ही होती ना, तिच्या टाळूचा. तेल लावल्यावर यायचा तो." थोडं चालल्यावर म्हणाले, "आठवणच असेल. वाईनला कशाला येईल तसला वास?"

मलाही एकदम तो वास आला. आता मला आला की आठवला, हे मी कसं सांगू?

२९ ऑक्टोबर, बुधवार

मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, ह्या वेळी तिघं. आमच्याच हॉस्पिटलात, पण ह्या मजल्यावर मी कधी आले नव्हते, नुसतेच फोन जोडून द्यायची. ठकीनं माझा हात धरला होता. तिच्याशी पूर्वीसारखं बोलते आता. लेकीवर किती दिवस रागावणार?

डॉक्टरांनी ह्यांना बोटं आपटायला लावली, खुर्चीतून हात न टेकता उठायला लावलं, मग बाहेरच्या लांब बोळातून चालून यायला सांगितलं. मी बरोबर जायला उठले तर डॉक्टर म्हणाले, त्यांना एकट्याला चालू द्या. हे गेले. टोकाला जाऊन वळले. वळताना एका पावलात वळले नाहीत, अरुंद गल्लीत मोठी गाडी वळवावी तसे थोडं थोडं करत वळले. ठकी जमिनीकडे बघत होती.

मग डॉक्टरांनी मला विचारलं, घरात तुम्हाला काय काय बदल दिसला?

मी सांगायला लागले. बरोबर चालतात. हळू जेवतात. हळू बोलतात. सही लहान झाली. चेहरा शांत असतो. आपण बोलत असलो की मध्ये तोडत नाहीत, ऐकून घेतात. डॉक्टर मान खाली घालून एकेक लिहीत होते. मी थांबले. मी जे सांगत होते ते दुखणं होतं, आणि तेच मी मळ्यात असताना ठकीला फोनवर भरभरून सांगितलं होतं, आनंदानं.

हे म्हणाले, "लिहा डॉक्टर. हिला ते सगळं फार आवडलं होतं."

चेष्टा होती ती. चेहऱ्यावरून कळत नाही हल्ली, पण माझ्यासाठीच होती. डॉक्टरांना काय करावं कळेना. ठकी रडत रडत हसली. मला हसता आलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

गोळ्या लागू पडतायत. बटणं थोडी लवकर लागतात. अंगठा काही दिवस शांत असतो, काही दिवस नसतो. वास नाही. तो येणार नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. चहा ठेवला की मी ओट्यावरून सांगते, आज आलं जास्त पडलंय हं. हे "बरं" म्हणतात.

आवाजासाठी एक शिकवणारी मुलगी येते. ह्या दुखण्यात माणसाला वाटतं आपण नेहमीसारखंच बोलतोय, पण ऐकणाऱ्याला कुजबुज ऐकू येते. म्हणून रोज सकाळी पोटातून ओरडायचा व्यायाम दिलाय. बाहेरच्या खोलीत उभं राहून एका श्वासात लांबलचक 'आ' म्हणायचं, मग पेपर मोठ्यानं वाचायचा. आधी हे लाजत होते. घशातल्या घशात म्हणायचे.

आज शेजारीण दारात आली, काय चाललंय विचारायला. मी म्हटलं, व्यायाम आहे, रोज होणार. ती गेली. मी स्वयंपाकघरात येऊन भाजी चिरायला बसले. बाहेर पेपर वाचणं सुरू झालं, हवामान, अपघात, बाजारभाव. आवाज मधेच बारीक व्हायचा, मग आठवण झाल्यासारखा वर चढायचा. एका क्षणी तो असा खणखणीत झाला की वाटलं, खाली गाडी सुरू करून मलाच हाक मारतायत.

मी आतून ओरडले, "ऐकू येत नाही. आणखी मोठ्यानं."

ऐकू येत होतं.